मातीचा गोळा, मिठाचा खडा, दगड

क्रीडाशिक्षक म्हणून मी बत्तीस वर्षे नोकरी केली. या काळात पोरांनी, त्यांच्या आईबापांनी आणि अलीकडे त्यांच्या आजोबांनीसुद्धा मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारला : ‘सर, आता कधीपासून?’ पुढचे क्रियापद तेवढे बदलते. पळू, खेळू, लढू, मोळी उचलू, गाडीला किक मारू. मी ठणकावून आकडा सांगायचो. एकवीस दिवस. दीड महिना. परीक्षा झाल्यावर. हे आकडे मी कुठून आणायचो, हे कुणी विचारले नाही, ते बरेच झाले. काही प्लास्टरच्या मुदतीवरून, काही ऐकीव आणि बरेचसे समोरच्याचा चेहरा पाहून. ‘कधीपासून’ला नुसती तारीख हे उत्तर पुरत नाही, हे कळेपर्यंत माझी निवृत्ती जवळ आली होती. हे पुस्तक त्या उशिरा आलेल्या शहाणपणातून निघाले आहे.

माझा स्वतःचा गुडघा या विषयातला पहिला धडा. १९८४ साली एका गावच्या यात्रेत कबड्डीचे सामने होते. चढाईवरून परत फिरताना डावा पाय मातीत रुतला, अंग वळले आणि गुडघ्यात कट् असा आवाज झाला. माझ्या मागे धावणाऱ्या कोपरारक्षकालाही तो ऐकू गेला. रात्रीत गुडघा नारळाएवढा सुजला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, ‘हाड शाबूत आहे, आराम करा’ असे सांगून मला घरी पाठवले. ते खोटे नव्हते. हाड खरेच शाबूत होते, पण आत तुटलेला दोर, म्हणजे अस्थिबंध, एक्स-रेत दिसत नाही. सहा आठवड्यांनी सूज उतरली, दुखणे थांबले. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असा साधा हिशोब करून मी मैदानात उतरलो आणि दुसऱ्याच चढाईत गुडघा पुन्हा सरकला. या वेळी आतली गादीही फाटली. मी कबड्डी खेळायचा थांबलो आणि शिकवायला लागलो.

गुडघ्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की पुढे कितीतरी वर्षे माझ्या विद्यार्थ्यांना मी हाच हिशोब शिकवला.

दुखापतीनंतर अंग पुन्हा कामाला कसे लावायचे, या प्रश्नावर जगभर दोन पक्ष पडले आणि ते जुने आहेत. एक म्हणतो, हलवू नका. दुसरा म्हणतो, हलवल्याशिवाय भागणार नाही. नवख्या वाचकाला या विषयातली बहुतेक भांडणे या दोन टोकांच्या मध्ये सापडतील. पण दोन्ही पक्षांच्या आधी, आणि माझ्या मते दोघांपेक्षा सरस, असे एक उत्तर आपल्याकडे लिहून ठेवलेले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक अध्याय आहे. पळस, अर्जुन, उंबर, पिंपळ यांच्या साली आणि वेळूच्या कामट्या बांधून हाड कसे स्थिर करायचे, मांडीचे हाड मोडलेल्याला फळीवर निजवून खुंट्या कुठे ठोकायच्या, हे सारे त्यात येते. हाड जुळायला किती काळ लागेल, तेही सांगितले आहे : तरुणाला एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. ही झाली तारीख. पण त्याच अध्यायात तळहाताच्या मोडीविषयी जे येते, ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. हात जुळल्यावर आधी मातीचा गोळा धरायला द्यावा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आले की दगड. इथे दिवस मोजलेले नाहीत. दगड कधी, तर बळ आल्यावर. हाड जुळण्याला काळ लावायचा आणि ओझे पेलण्याला परीक्षा, हा भेद एवढ्या तीन वस्तूंत आला आहे. या पुस्तकाच्या पहिल्या पानावर याच तीन वस्तूंचे चित्र आम्ही मुद्दाम छापले आहे.

ही ओळ नंतर हरवली कशी, हा संशोधकांचा विषय आहे. आमच्या हाती उरला तो हाडवैद्य. त्याच्याविषयी दोन्ही बाजूंनी अतिरेकाने बोलले जाते. निखळलेला सांधा सफाईने बसवणारी माणसे मी पाहिली आहेत. पट्टी इतकी आवळलेली की बोटे काळीनिळी पडली, असा मुलगाही पाहिला आहे. हात बसवण्याची विद्या शिल्लक राहिली, पण पुढच्या गोळ्या-खड्यांची विद्या मात्र गेली. पट्टी सुटली की माणूस थेट दगडाला हात घालतो.

युरोपातही हाडवैद्यच होते. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस हा डॉक्टर झाला, त्याचे वडील पिढीजात हाडवैद्य. त्याने सांगितले, की दुखावलेल्या अवयवाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या. त्याने केलेली लोखंडी खपाटी पुढे पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांना उपयोगी पडली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल्युका-शांपिओनिएर नेमके उलटे सांगत होता, की हालचाल हेच औषध आहे. स्वीडनमध्ये तर पेर हेन्रिक लिंगने १८१३ सालीच स्टॉकहोमला व्यायामविद्येची संस्था काढून उपचाराचा व्यायाम हा स्वतंत्र विषय केला होता. लिंगची परंपरा पुढे मालीश आणि फिजिओथेरपीत मुरली. विश्रांतीचा पक्ष मात्र दवाखान्यांत जिंकला, आणि आजही ‘आराम करा’ हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहायला सगळ्यांत सोपे असतात.

पारडे फिरले ते दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात गुडघे आणि मांड्या मोडलेले सैनिक महिनोन्‌महिने पडून होते. तिथे टॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी संधिवातज्वराने तो स्वतः अंथरुणाला खिळला होता आणि पुढे वजने उचलून त्याने अंग कमावले होते. त्याने सैनिकांना हलकी वजने हजार वेळा हलवायला लावण्याऐवजी जड वजने थोड्या वेळा, पण पायरीपायरीने वाढवत उचलायला लावली. १९४५ साली त्याने हे छापले. आज व्यायामशाळेत दहा-दहाचे तीन सेट मारणाऱ्या पोरांना आपण डीलॉर्मचे नातू आहोत, हे माहीत नसते. मातीचा गोळा आणि मिठाचा खडा लोखंडाचे होऊन परत आले, एवढेच मी म्हणेन.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर सांगतो. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे असा चार शब्दांचा मंत्र दिला. तो आमच्या बी.पी.एड.च्या वह्यांपर्यंत पोहोचला. २०१४ साली मर्किननेच लिहिले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबू शकते. आमच्या वह्या कुणी दुरुस्त केल्या नाहीत. १९९८ साली स्वीडनच्या आल्फ्रेडसनने टाचेवरच्या जुनाट दुखऱ्या शिरेला विश्रांती न देता रोज १८० वेळा पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम दिला आणि बारा आठवड्यांत रुग्ण पळू लागले. २०१६ साली बर्न इथे ठरलेले एक निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात परतण्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत : सरावात सहभागी होणे, आपल्या खेळात परत येणे आणि पूर्वीच्या दर्जाला पोहोचणे. पहिल्या पायरीवरच्या पोराला तिसऱ्या पायरीच्या अपेक्षेने स्पर्धेत उतरवणे, हा आम्हा शिक्षकांचा गुन्हा आहे. आम्ही तो नेमाने करतो.

त्याच वर्षी नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ खेळाडूंचा एक अभ्यास आला. गुडघ्याच्या दोराची शस्त्रक्रिया झाल्यावर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, तितक्यांदा पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेले. आणि ताकदीच्या, उड्यांच्या चाचण्या उत्तीर्ण झालेल्यांत शंभरात सहाहून कमी जणांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली. नापास होऊनही खेळायला गेलेल्यांत ३८ जणांना. तारीखही हवी आणि परीक्षाही. सुश्रुताचाच हिशोब आहे, आकडे नवे.

महाराष्ट्रात या विद्येची शास्त्रीय पायाभरणी खेळाडूंसाठी झालीच नाही. ती पोलिओच्या मुलांसाठी झाली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ साली हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. सैन्याने त्याआधीच, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र काढले होते. या मार्गाने चाललेला आपला सर्वांत मोठा माणूस म्हणजे सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर. मूळचे मुष्टियोद्धे, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक घेऊन आले. परतणे म्हणजे नेहमी त्याच जागी परतणे नव्हे, हे समजावायला मला त्यांच्याइतका चांगला दाखला सापडत नाही. उलट बाजूला खाशाबा जाधव आहेत. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणि पुढच्या ऑलिम्पिकच्या आधी गुडघा गेला. आजच्या शस्त्रक्रिया आणि आजचे नऊ महिने त्यांना मिळाले असते तर, हा विचार कराडच्या बाजूचाच काय, कुठलाही कुस्तीवेडा माणूस एकदा तरी करतो.

आमच्या राहुरीशेजारच्या श्रीरामपूरचे उदाहरण तर प्रत्येक गोलंदाज पोराला मी सांगतो. झहीर खान २०११च्या जुलैत लॉर्ड्‌सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी १३.३ षटके टाकून, दोन बळी घेऊन, मांडीचा मागचा स्नायू धरत बाहेर गेला. पुढे नॉर्दम्प्टनच्या सराव सामन्यात त्याने पुन्हा चेंडू हाती घेतला आणि थोड्याच षटकांत त्याला मैदान सोडावे लागले. दौरा संपला, घोट्याची शस्त्रक्रिया झाली. मग रणजी सामन्यात अंग तपासून तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि डिसेंबरात मेलबर्नच्या पहिल्या डावात त्याने चार बळी घेतले. नॉर्दम्प्टन आणि मेलबर्न यांच्यामध्ये जे साडेचार-पावणेपाच महिने गेले, ते टीव्हीवर कुणी दाखवत नाही. पोरांना मेलबर्न पाठ असते. पुढे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे २०२५च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडला आणि त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याचे ‘कधीपासून’ अख्खा जिल्हा विचारत होता.

पण पुस्तक फक्त खेळाडूंचे असते तर ते पुण्यात लिहिले गेले असते. ते राहुरीत लिहिण्याचे कारण ऊस आहे. गळीत हंगामात आमच्या शिवारांत पाथर्डी, शेवगाव, बीडकडून टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल आधीच घेतलेली असते आणि कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो. म्हणजे खेळाडूच्या विश्रांतीला रजा म्हणतात, यांच्या विश्रांतीला दंड. काही वर्षांपूर्वी फडात एका मावशींचा घोटा मुरगळला. चौथ्या दिवशी त्या मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दिसल्या. मी माझ्या शिक्षकी आवाजात ‘पंधरा दिवस आराम करा’ म्हणालो. त्या थांबल्यासुद्धा नाहीत. वरूनच म्हणाल्या, ‘सर, पाय माझा हाय, पन खाडा मुकादमाचा हाय.’

या एका वाक्याने माझे उरलेसुरले ज्ञान उतरवले. आरामाचा सल्ला ज्याला परवडतो, त्यालाच तो सल्ला असतो. बाकीच्यांना तो टोमणा वाटतो. या पुस्तकात लिहिणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याच फडावर जाऊन जे केले, ते फार साधे होते. काम बंद केले नाही, कामाची उतरंड लावली. आधी बसून मोळ्या बांधणे, मग उभ्याने तोडणी, मग सपाटीवरून मोळी नेणे आणि फळी सगळ्यांत शेवटी, एका पायावर दहा वेळा टाच उचलता आल्यावर. तोवर फळी मावशींच्या नवऱ्याने चढायची. मुकादमालाही हे पटले, कारण अर्धा का होईना, कोयता चालू राहिला. मातीचा गोळा, मिठाचा खडा, दगड.

तालमीत हे शहाणपण वेगळ्या नावाने नांदत असते. माझ्या माहितीतले एक वस्ताद खांदा उतरलेल्या पोराला आधी आखाड्याची माती ओढायला लावत, मग भिंतीला हात लावून जोर, मग जमिनीवर, मग नुसती पकड आणि लढत सर्वांत शेवटी. विचारले तर म्हणत, ‘मातीच सांगती कधी ते.’ सगळे वस्ताद असे नसतात. ‘मोडल्याबिगर मल्ल होत नाही’ म्हणणारेही भरपूर आहेत आणि त्यांच्या तालमीतली मोडलेली पोरे कुठे जातात, याची नोंद कुणी ठेवत नाही.

हे आत्ताच लिहायची गरज काय? पहाटे साडेचारला कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला लागलात तर कळेल. अंधारात आधी बुटांचा आवाज येतो, मग पोलीसभरतीची पोरे दिसतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. जाहिरात आली की जे पोर वर्षभर पळाले नाही, ते डांबरावर रोज दहा किलोमीटर पळू लागते आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसते. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली असेल तर सुरुवातीचा एक्स-रे इथेही बहुधा काहीच सांगत नाही. त्याच रस्त्यावर साखर आणि रक्तदाब निघालेली पन्नाशीची मंडळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालत असतात आणि त्यांतले निम्मे गुडघ्याची तक्रार सांगत असतात. मुली कुस्ती आणि कबड्डीत मोठ्या संख्येने उतरल्या आहेत. हे माझ्या हयातीत घडले, याचा मला आनंद आहे, पण वळताना गुडघ्याचा दोर तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, हे त्यांच्या मार्गदर्शकांना कुणी सांगितलेले नाही. २०२५च्या आरंभी महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरला झाली. तेव्हापासून गावोगाव पोरांचा उत्साह वाढला, हे दिसतेच. नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकीवरून पडणाऱ्यांची भर रोजची. आणि सगळ्यांच्या खिशात मोबाइल, त्यात तीस सेकंदांत गुडघा बरा करणारे बाबा.

या गर्दीत काही जणांनी पुस्तक वाचत बसू नये, हे इथेच सांगून टाकतो. दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, पोटरी एका बाजूची सुजून गरम झाली असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, ताप असेल, तर आधी डॉक्टर. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा विसरभोळेपणा असेल तर त्या दिवशी खेळ बंदच. ‘पाणी मारा, उठेल’ हे आमच्या मैदानावरचे सर्वांत घातक वाक्य आहे. फिजिओथेरपिस्टकडे जाताना त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात अपमान काही नाही.

हा संग्रह उभा आहे तो एका साध्या मोजमापावर. व्यायाम करताना दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. जुनाट दुखण्यात पाचापर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्या पातळीवर उतरलेले पाहिजे. उतरले नाही तर कालचे ओझे जास्त झाले. एक पायरी खाली या, अंथरुणावर मात्र जाऊ नका. शस्त्रक्रिया किंवा ताजी मोड असेल तर हे गुण लागू नाहीत; तिथे डॉक्टरांनी दिलेली मर्यादा पाळा. दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा, हा नियम सगळे सांगतात; नवख्या धावपटूंवर तो तपासला तेव्हा फारसा फरक आढळला नाही. आम्ही तो टाकला नाही, पण त्याला देव्हाऱ्यातही बसवले नाही.

आमच्याकडे खोडवा घेणारे शेतकरी आहेत. तोडलेल्या बुडख्यांतून ऊस पुन्हा फुटतो, म्हणून कित्येक जण त्याकडे लक्षच देत नाहीत. विद्यापीठाचे लोक वर्षानुवर्षे सांगतात, की पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, खत वेळेवर पहारीने द्या. खोडव्याची निगा वेगळी असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चालायला घाबरणाऱ्या एका शेतकरी आजोबांना मी हे ऐकवले. ते म्हणाले, ‘म्हंजी माझंबी पाचट जाळायचं नाही.’ पुढे ते चालले. दाखल्याने चालले की व्यायामाने, ते त्यांनाच ठाऊक.

पुस्तकातले लेखक वेगवेगळ्या घरांतून आले आहेत : अस्थिरोगतज्ज्ञ, दोन फिजिओथेरपिस्ट, एक वस्ताद, एक धावण्याचे मार्गदर्शक आणि एक माजी मुकादम. त्यांचे एकमेकांशी पटत नाही आणि मी संपादक म्हणून ते पटवून आणले नाही. मालीशीवर वस्ताद आणि डॉक्टर दोन टोकांना आहेत. वाचकाने दोघांचेही वाचावे. कोणत्या दुखापतीला किती दिवस, असा तक्ता इथे मिळणार नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाशेवटी परीक्षा आहेत : एका पायावर किती वेळ उभे राहता येते, किती उड्या, किती वजन, दुसऱ्या बाजूच्या तुलनेत किती. भीतीवर एक स्वतंत्र लेख आहे, कारण शरीर तयार होऊनही मन तयार नसलेली पोरे मी अनेक पाहिली आणि त्यांना भित्री म्हटले, ही माझी चूक होती. गोळ्या-औषधे, शस्त्रक्रियेचे प्रकार आणि खुराक यांना आम्ही हात घातलेला नाही.

शेवटी पंचवीस कोरी पाने जोडली आहेत. त्यांवर रोजचे काम, दुखण्याचे गुण आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहावी. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावे. आणि पुस्तक कपाटात ठेवू नये. वरच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवली आहे, ती तालमीच्या, शाळेच्या किंवा कोपीच्या खुंटीला अडकवण्यासाठी.